समरमध्ये गणित शिकवायचा प्रोग्राम, न्यूअर्क (न्यू जर्सी): अर्ज करायच्या आधी वाचा

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेतीन. शिकवायच्या अनुभवाला साडेचार, पैशाला दीड, आणि ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्याला किती द्यायचे ते खाली वाचून तुम्हीच ठरवा. प्रोग्रामचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि पुढच्या समरला मला परत तिथेच अर्ज करायचाय. यावरून काय ते समजून घ्या.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे अमेरिकेत ज्या अंडरग्रॅड मुलामुलींना पुढे शाळेत गणित शिकवावंसं वाटतंय, किंवा वाटतंय की नाही हेच कळत नाहीये, त्यांना उन्हाळ्यात मिडल स्कूलच्या नाहीतर हायस्कूलच्या पोरांचा खराखुरा वर्ग देतात. टीए (शिक्षकाचा मदतनीस) वगैरे नाही, वर्ग तुमचाच. यातलं जुनं आणि सगळ्यांना माहिती असलेलं नाव म्हणजे ब्रेकथ्रू, जे १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोत समरब्रिज या नावानं सुरू झालं, आणि त्यांची मूळ आयडिया अशी की कॉलेजची पोरं शाळेच्या पोरांना शिकवणार आणि मुरलेले शिक्षक मागे बसून कॉलेजच्या पोरांना घडवणार. मी गेले तो प्रोग्राम त्यांचा नाही, पण साचा तोच.

रॉस किंवा प्रॉमिस या गणिताच्या समर कॅम्पांशी याची गल्लत करू नका. तिथेही अंडरग्रॅड लोक उन्हाळ्यात काउन्सेलर म्हणून जातात, पण रॉस १९५७ पासून आणि प्रॉमिस १९८९ पासून ज्या मुलांना घेतात ती आधीच गणिताने झपाटलेली असतात, दिवसभर नंबर थिअरी करतात, आणि तुमचं काम मुख्यतः त्यांचे प्रॉब्लेम सेट बघणं आणि त्यांना अडवून अजून विचार करायला लावणं. तुमचं स्वतःचं गणित तिथे मस्त धारदार होतं, पण शाळेत शिक्षक म्हणून आपला निभाव लागेल का हे तिथे कळत नाही, कारण "मिस हे शिकून उपयोग काय" असं विचारणारं तिथे कुणी नसतं. बीम म्हणून एक आहे, २०११ ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेलं, ते कमी उत्पन्नाच्या घरातल्या गणिताची आवड असलेल्या मिडल स्कूलच्या मुलांसाठी आहे, ते मला या दोन्हीच्या मधलं वाटतं.

आता माझ्या प्रोग्रामकडे येते. मुलं सातवी संपवून आठवीत जाणारी, इथल्या भाषेत राइझिंग एट्थ. न्यूअर्कमधली सरकारी शाळांची पोरं, निम्म्यांच्या घरी स्पॅनिश नाहीतर पोर्तुगीज. शाळेची इमारत उन्हाळ्यापुरती वापरायला घेतलेली, वर्ग छोटे, आणि प्रत्येक वर्गावर दोन फेलो, म्हणजे आम्ही शिकवणारी कॉलेजची पोरं. मी गणित मेजर, सेकंड इयर संपवून गेलेली.

सगळ्यात भारी गोष्ट आधी सांगते. टाइमटेबल असं बांधलंय की तोच धडा तुम्ही सकाळी एका बॅचला शिकवता, मग मध्ये एक तास रिकामा, त्यात कोच, म्हणजे तुमचा वर्ग मागे बसून बघणारा मुरलेला शिक्षक, तुमच्यासोबत बसतो, आणि मग तोच धडा दुसऱ्या बॅचला. ऐकायला काही विशेष वाटत नाही ना, पण खरी गंमत यातच आहे. नेहमीच्या शाळेत धडा फसला की तो सुधारायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं, इथे दीड तासात परत उभं राहायचं असतं आणि मघाशी कुठे गाडी रुळावरून घसरली ते डोक्यात ताजं असतं.

उदाहरण देते, कारण नुसतं कोचिंग चांगलं आहे म्हणून कुणाला काय कळणार. समीकरणं सुरू करायच्या आधी कोचने वॉर्मअपला एकच ओळ फळ्यावर लिहायला लावली: ८ + ४ = □ + ५. चौकटीत काय येईल? मला वाटलं हे काय, सातवी झालेल्या पोरांना हे विचारायचं म्हणजे अपमान. कागद गोळा केले तर अर्ध्याअधिक पोरांनी १२ लिहिलेलं आणि दोघातिघांनी १७. म्हणजे पोरांच्या लेखी बरोबरच्या चिन्हाचा अर्थ "आता उत्तर लिहा" एवढाच. आठ अधिक चार बारा, लिहा बारा, विषय संपला. सतरावाल्यांनी तर दिसेल ते सगळं बेरजेत घेतलं. हा प्रकार काही न्यूअर्कचा नाही, गणित शिक्षणावर काम करणाऱ्यांना हा प्रश्न आणि ही दोन उत्तरं चांगली माहितीची आहेत, ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते असो. मुद्दा असा की ज्या मुलाला बरोबरचं चिन्ह असं दिसतं त्याला ३एक्स + ४ = एक्स + १० कसं कळणार, उजवीकडे तर "उत्तर"च नाहीये!

मधल्या तासात कोच म्हणाला की आज "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हे वाक्य वापरायचं नाही. आता आपण महाराष्ट्रात वाढलेली माणसं, आपलं अख्खं बीजगणित या वाक्यावर उभंय, प्लसचं मायनस, गुणिलेचं भागिले, हात आपोआप चालतो. मी भरपूर वाद घातला की शॉर्टकट आहे, चालतो, दहावीचे पेपर आम्ही त्यावरच काढलेत. तो म्हणाला चालतो, पण ज्याला आधी समतोल दिसलाय त्यालाच चालतो. दुसऱ्या बॅचला मी दोन्ही बाजूंना एकच गोष्ट करायची, आधी दोन्हीकडून एक्स काढा, मग दोन्हीकडून चार काढा, असं करत गेले. वेळ दुप्पट लागला, ठरवलेल्यातली निम्मी उदाहरणं राहून गेली, पण शेवटच्या पाच मिनिटात जी चिठ्ठी भरून घेतात, एक्झिट तिकीट म्हणतात त्याला, ती पहिल्या बॅचपेक्षा स्पष्ट चांगली आली. दोन गठ्ठे शेजारी शेजारी ठेवून बघायला मिळतात, त्यामुळे वाद तिथेच मिटतो.

कोचबद्दल अजून एक. तो इथल्याच पब्लिक हायस्कूलचा शिक्षक, वर्षभर अल्जेब्रा शिकवतो आणि उन्हाळ्यात हे. त्याची पद्धत म्हणजे रोज एकच गोष्ट सांगायची, दुसरी नाही. पहिले काही दिवस त्याने फक्त माझ्या गप्प बसण्यावर काम केलं. प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबते हे तो मागे बसून घड्याळावर बघायचा. मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात, तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांब आणि बरी यायला लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, वर्गात उभं राहून बघा, घसा कोरडा पडतो. आपल्याकडे तर शिक्षक गप्प उभा राहिला की पोरांना वाटतं सरांनाच येत नाही.

आता एक प्रसंग, कारण यासाठीच हा प्रोग्राम मला आवडला. टेबल भरून रेषा काढायची होती, वाय म्हणजे एक्सचा अर्धा अधिक २. (हो, रेषेच्या समीकरणातलं आपलं एमएक्स प्लस सी इथे एमएक्स प्लस बी असतं, पहिले दोन दिवस हात सी लिहितो.) ब्राझीलहून नुकताच आलेला एक मुलगा, इंग्रजी जेमतेम. त्याच्या टेबलमध्ये एक्स १ च्या समोर लिहिलेलं २,५ मग ३ आणि मग ३,५. माझ्या को-टीचरने लाल पेनाने गोल करून लिहिलं की हा बिंदू आहे, मी किंमत विचारली होती. मुलगा काही बोलला नाही, वही ओढून घेतली. मी त्याचा ग्राफ बघितला तर ठिपके बरोब्बर दोन आणि तीनच्या मधोमध, तीन आणि चारच्या मधोमध, रेषा सरळ, सगळं अचूक. ब्राझीलमध्ये दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात! त्याने अडीच आणि साडेतीन लिहिलेलं. मग मी धडा दहा मिनिटं बाजूला ठेवला आणि फळ्यावर एक लाख लिहिला आमच्या पद्धतीने, १,००,०००, म्हटलं आमच्याकडे असा लिहितात. अमेरिकन पोरं हसायलाच लागली, मिस तुमचा कॉमा चुकलाय. मग त्याला बोलावलं, त्याने १००.००० लिहिलं, तर वर्ग म्हणाला हे तर नुसते शंभर झाले, पुढचे शून्य कशाला! चांगली वादावादी झाली, कुणाचं बरोबर, का, शून्य मोजायचे कसे. त्या दिवसानंतर तो मुलगा फळ्यापाशी यायला लागला. असे प्रसंग रोज येत नाहीत, बहुतेक दिवस पेन्सिल कुणी घेतली, बाथरूमला जाऊ का, याच्यातच जातात, हेही सांगून ठेवते.

आणि हो, पेमडास. इथली पोरं पदावलीसाठी पेमडास (कंस, घात, गुणाकार, भागाकार, बेरीज, वजाबाकी यांची इंग्रजी आद्याक्षरं) पाठ करतात, आपण कंचेभागुबेव पाठ करतो. इथे गुणाकार आधी येतो आणि आपल्याकडे भागाकार आधी, आणि दोन्हीकडच्या पोरांना वाटतं की जे आधी आलं ते आधी करायचं. २४ ÷ ६ × २ दिलं की पेमडासवाली पोरं आधी सहा दुणे बारा करतात आणि उत्तर २ काढतात, बरोबर उत्तर ८. आपली पोरं यातून सुटतात. पण १० − ४ + ३ ला दोन्हीकडची पोरं सारखीच आपटतात, बेरीज आधी म्हणून सात वजा करतात आणि ३ लिहितात, खरं उत्तर ९. हे मी को-टीचरला सांगितलं तर तिला इतकं आवडलं की पुढच्या दिवशी आम्ही दोन्ही फॉर्म्युले समोरासमोर लावून पोरांनाच भांडायला लावलं.

आता तक्रारी.

ट्रेनिंगचा पहिला आठवडा म्हणजे डोक्याला ताप. आइसब्रेकर, मग पोस्टर, मग आपल्या पोस्टरबद्दल बोला, मग दुसऱ्याच्या पोस्टरवर स्टिकी नोट चिकटवा. वर्गात शिस्त कशी लावायची यावर दोन दिवस, तेही ठीक, उपयोगाचं होतं. पण गणितावर? अर्धा दिवस. पोरं कुठे चुकतात, अपूर्णांकात काय घोळ घालतात, ऋण संख्या कशा समजतात, यातलं काही नाही. इंग्लिशवाले आणि गणितवाले एकाच हॉलमध्ये बसून तेच ते ऐकत होतो. गणिताचा फेलो म्हणून घेता तर गणित शिकवण्याचं ट्रेनिंग द्या ना बाबांनो. जे शिकले ते सगळं नंतर कोचकडून, आणि सगळ्यांचे कोच असे नव्हते, शेजारच्या वर्गातल्या मैत्रिणीचा कोच दर वेळी "ग्रेट एनर्जी" एवढंच लिहून जायचा.

लेसन प्लॅनचा फॉर्म इतका लांब की धडा पंचेचाळीस मिनिटांचा आणि प्लॅन लिहायला रात्र. रोज संध्याकाळी अपलोड करायचा, त्यात एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या रकान्यात लिहायची. कॉपी मशीन एकच आणि सकाळी साडेसातला तिथे रेशनच्या दुकानासारखी रांग. मी शेवटी वर्कशीट बंदच केल्या, फळा आणि वह्या, आणि ग्राफसाठी डेस्मॉस, ग्राफ काढायची वेबसाइट, फुकट आहे आणि पोरांना मनापासून आवडतं, रेषेचा स्लोप स्लायडरने बदलताना बघितलं की जे तीन दिवस बोलून कळत नाही ते कळतं.

पैसे. स्टायपेंड एकरकमी असतो, त्यामुळे आकडा बघून बरा वाटतो, पण शिकवणं, मीटिंगा, प्लॅन, तपासणं सगळे तास धरून भागाकार केला तर न्यू जर्सीचा २०२५ चा किमान वेतनाचा दर, तासाला १५.४९ डॉलर, त्याच्या बराच खाली येतो. राहायची सोय नाही. माझी लांबची मावशी एडिसनला राहते म्हणून जमलं, एडिसन स्टेशनवरून ट्रेन थेट न्यूअर्क पेन स्टेशनला येते, आणि घरी आल्यावर वरणभात तयार. ज्यांची मावशी एडिसनला नाही त्यांनी भाड्याचा हिशोब आधी करा, स्टायपेंड त्यातच संपेल. श्रीमंत घरच्या मुलांनाच परवडेल अशा बेताने पैसे द्यायचे आणि मग मीटिंगमध्ये इक्विटीवर, म्हणजे सगळ्यांना समान संधी यावर, तासभर बोलायचं, याचा मला राग आलाच, तसं फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलंय.

आता आपल्या इंटरनॅशनल लोकांसाठी, हे नीट वाचा, कारण हे तिथे कुणी सांगत नाही. एफ-१ वर (स्टुडंट व्हिसावर) असाल तर कॅम्पसबाहेरच्या असल्या कामाला सीपीटी (अभ्यासाचा भाग म्हणून बाहेर काम करायचा परवाना) लागतो, तो एक पूर्ण अकॅडमिक वर्ष झाल्याशिवाय मिळत नाही, म्हणजे फ्रेशमन इयर (कॉलेजचं पहिलं वर्ष) संपता संपता अर्ज करणाऱ्यांनी तारखा बघा. काम तुमच्या मेजरशी जोडलेलं दाखवावं लागतं, माझ्याकडून कॉलेजने एका क्रेडिटचा इंटर्नशिप कोर्स घ्यायला लावला आणि त्याची समर फी माझ्याच खिशातून गेली. नवीन आय-२० (कॉलेज देतं तो व्हिसाचा कागद) हातात आल्याशिवाय ट्रेनिंगलासुद्धा जाऊ नका. काही प्रोग्राम अमेरिकॉर्प्स या सरकारी समाजसेवा योजनेच्या पैशावर चालतात, तिथे सिटिझन किंवा ग्रीन कार्ड लागतं, आपला नंबर नाही. नॉइस स्कॉलरशिपचंही तेच, ती २००२ पासून आहे, सायन्स-मॅथच्या भावी शिक्षकांना एनएसएफकडून (विज्ञानाला पैसे देणारी इथली सरकारी संस्था) चांगले पैसे मिळतात, बदल्यात प्रत्येक वर्षाच्या स्कॉलरशिपमागे दोन वर्षं गरजू भागातल्या शाळेत शिकवायचं, नाही शिकवलं तर ते कर्ज होतं. ग्रीन कार्डवाल्या मराठी पोरांनी मात्र जरूर बघा. तुमच्या स्वतःच्याच कॉलेजने कॅम्पसवर असा समर प्रोग्राम चालवला आणि पगारही कॉलेजच देत असेल तर सीपीटीची भानगड नाही, सुट्टीत फुलटाइम करता येतं.

टीबी टेस्टचंही सांगते. शाळेत पाय ठेवायच्या आधी फिंगरप्रिंट आणि टीबी टेस्ट मागतात. आपण लहानपणी बीसीजी घेतलेलं असतं, त्यामुळे हातावर टोचून करतात ती स्किन टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्सरे, डॉक्टरचं पत्र, तारखा पुढे. आधीच सांगून ब्लड टेस्ट करून घ्या, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

आईचा प्रश्न होता की शिकवायचंच होतं तर सांगलीत राहून बी.एड. काय वाईट होतं. वाईट काही नाही, पण आपल्याकडे बी.एड.ची इंटर्नशिप येते ती डिग्री झाल्यावर, बी.एड.ला बसल्यावर. २०१४ च्या नियमांनंतर दोन वर्षांच्या कोर्समध्ये वीस आठवडे शाळेत घालवायचे असतात, ते चांगलंच आहे, पण तोपर्यंत शिक्षक व्हायचं हे तुम्ही ठरवून बसलेले असता. आधी चाखून बघायची सोय नाही. एक आहे म्हणा, क्लासेस. माझा चुलतभाऊ बी.एस्सी.ला असताना दर उन्हाळ्यात दहावीच्या व्हेकेशन बॅचला शिकवायचा, वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी जूनच्या आत उरकायची एवढी एकच सूचना. हुशार आहे, पोरांना आवडायचा, पैसेही माझ्यापेक्षा बरे मिळाले असतील. पण त्याच्या वर्गात मागे बसून कुणी कधी बघितलं नाही की पोरांना कळतंय का. पोर्शन संपला का, एवढंच विचारायचे. त्याला आता मी ८ + ४ वाली ओळ पाठवली तर म्हणाला आपल्या पोरांना येईल. मी म्हटलं विचारून बघ. अजून उत्तर नाही.

कुणी जावं? ज्याला रिझ्युमेवर एक ओळ हवीय त्याने जाऊ नये, त्यापेक्षा रिसर्च करा, निदान दुपारी झोप मिळेल. ज्याला गणित येतं आणि म्हणून आपल्याला शिकवताही येईल असं वाटतं त्याने अवश्य जावं, पहिल्याच आठवड्यात जमिनीवर येतो माणूस. आमच्यातले दोघेजण समर संपल्यावर म्हणाले की आम्हाला हे आयुष्यभर करायचं नाही, आणि मला वाटतं त्यांचे पैसे सगळ्यात जास्त वसूल झाले, लायसन्स आणि परीक्षा आणि स्टुडंट टीचिंग सगळं करून मग कळण्यापेक्षा सेकंड इयरला कळलेलं बरं.

अर्ज बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातच सुरू होतात, एप्रिलमध्ये जागे झालात तर गणिताच्या जागा भरलेल्या असतील असं नाही, गणितवाले कमीच पडतात, पण सीपीटीचे कागद तेवढ्यात होणार नाहीत. इंटरव्ह्यूला पाच मिनिटांचा डेमो धडा घेतात. त्यात फॉर्म्युला सिद्ध करून दाखवू नका, समोरच्याला एक प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा. कोच कोण असणार, त्याचा विषय गणितच आहे ना, आणि तोच धडा दोनदा शिकवायला मिळतो का, हे तिथेच विचारून घ्या. व्हाइटबोर्ड मार्कर स्वतःचे न्या, तिथले सगळे वाळलेले असतात.